आकसपट्टी

अण्णा गेले त्याच्या चौदाव्या दिवशी
बँकेतल्या मुलीनं काचेमागून विचारलं,
“प्रोबेट आणलंय का?”
मी म्हटलं, घरी बघते.
जणू कपाटात रेशनकार्डाखाली
घडी घालून ठेवलेलंच असेल.

घरात सापडलं ते मृत्युपत्र,
जॉबकार्डाच्या पाठकोऱ्या बाजूला.
सुतारी पेन्सिलीनं आधी ओळी आखलेल्या,
त्यावर शाई, एक ओळ उतरती नाही.
खाली दोन साक्षीदार:
हिंदुराव मोल्डर, तो अण्णांच्याही आधी गेला,
आणि दस्तगीर, उद्यमनगरात
शेडोशेड चहा पोचवणारा.

मुजावर वकीलबाईंचं ऑफिस भाऊसिंगजी रोडला,
खाली बॅटऱ्यांचं दुकान, जिन्यात आम्लाचा वास.
त्यांनी कागद उजेडाकडे धरला.
“अक्षर सुरेख आहे.
पण कोर्ट अक्षराला विचारत नाही,
साक्षीदाराला विचारतं. दस्तगीरना जपा.”
मग सावकाश, पोरीला पाढे सांगावेत तसं:
कोल्हापुरात प्रोबेटची सक्ती नाही,
पण बँक अडलीय, आणि भाऊ बोलत नाही म्हणता,
तर काढून ठेवलेलं बरं.
ठेवीला नॉमिनी भाऊ आहे, असू दे.
नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, राखणदार.
उसाचा राखण्या ऊस माझा म्हणत नाही.
“म्हणतो की कधी कधी,” मी म्हटलं.
“म्हणून तर आमची फी,” त्या म्हणाल्या,
आणि पावती फाडली.

यादी करा म्हणाल्या. येणं लिहा, देणंही लिहा,
माणूस दोन्ही ठेवून जातो.
शेडचं भाडं, दोन महिन्यांचं, देणं.
बँडसॉ एक, चालू.
पंपाच्या केसिंगचे सागवानी साचे,
लाल-काळे रंगवलेले, एकशे बारा.
कारकुनानं लिहिलं, भंगार लाकूड.
वर मृताचा व्यवसाय, सुतार.
भंगार मी सोडून दिलं.
सुतार मात्र खोडायला लावलं:
पॅटर्नमेकर.
“एकच की हो बाई.”
एकच नाही.

पेपरात जाहीर नोटीस आली,
कुणाची हरकत असल्यास कळवावे.
शेवटच्या दिवशी जिन्यात धाप लागलेला एक म्हातारा,
हुपरीहून आलेला, हातात पिशवी.
वकीलबाईंनी पेन उचललं. “हरकत काय?”
“हरकत न्हाई ओ, देणं हाय.
पोरीच्या लग्नात अण्णासोंनी धा हजार दिल्यालं.
इचारलं न्हाई कधी. आता कुणाला द्यायचं?”
त्या दिवशी यादी उलटी वाढली.

कसबा बावड्याच्या कोर्टात
दस्तगीर इस्त्रीच्या शर्टात उभा राहिला.
“सही तुमच्यासमोर केली?”
“व्हय साहेब. मीच चहा दिला, कप कलंडला.
ह्यो डाग बघा की. कागद बदलू म्हटलं,
तर म्हणालं, ऱ्हाऊ दे, साक्षीला बरा.”
साहेबांनी डाग पाहिला, बराच वेळ पाहिला.
मागच्या बाकावर सर्जेराव बसला होता, माझा भाऊ.
नाव पुकारलं तेव्हा उठला, हरकत नाही म्हणाला,
आणि माझ्याआधी बाहेर पडला.

बाहेर स्कूटरला किक मारता मारता थांबला.
नऊ वर्षांत पहिल्यांदा बोलला,
“पट्टी कुठाय?”
पट्टी यादीत नव्हती.

ओतलेलं लोखंड निवताना आकसतं,
म्हणून साचा जरा मोठा धरायचा,
आणि त्यासाठी पितळी पट्टी निराळी,
जिचा इंच खऱ्या इंचाहून केसभर लांब.
बाकीचे तिला श्रिंकेज स्केल म्हणत,
अण्णा म्हणायचे आकसपट्टी.
लहानपणी आम्हा दोघांची उंची
तिनंच मोजायचे. शाळेत गेलो की
आम्ही खरे थोडे उंच निघायचो.

“आहे,” मी म्हटलं. “रविवारी ये.”

काल रात्री तिनं घर मोजलं.
उंबरा, दिवाणाची लांबी,
त्यांचा चष्मा, घडी मिटून.
सगळं थोडं थोडं कमी भरतं.
प्रोबेटची नक्कल कपाटात ठेवली,
रेशनकार्डाखाली.
आता विचारलं कुणी, तर घरी बघते म्हणेन.